बस म्हणजे बस

‘फुकट’ या शब्दाशी चंद्रप्रकाश वानखेड्यांचं जुनं वैर होतं. उभी हयात बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेल्या माणसाचं दुसरं काय असणार? फुकट म्हटलं की मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन बसलेला एक गृहस्थ त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राही, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी उजवा हात आपोआप खांद्यावरच्या, आता नसलेल्या, चामडी पिशवीकडे जाई. त्यामुळे प्रियंका मॅडमनी ज्या दिवशी हसत हसत सांगितलं की, “काका, इंटरनेटवर सगळं फुकट मिळतं, फक्त शोधायचं,” त्याच दिवशी त्यांनी सावध व्हायला हवं होतं. ते झाले नाहीत, कारण प्रश्न प्रांजलचा होता.

प्रांजल म्हणजे त्यांची नात. वय आठ, डोळे आजीचे, हट्ट आजोबांचा. ती स्वमग्न आहे हे डॉक्टरांनी फार पूर्वी सांगितलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात जाऊन रडून घेतलं आणि मग सगळे कामाला लागले. तिला कळतं सगळं. पंतनगरच्या त्यांच्या खिडकीखालून जाणारी बस साधी की एसी, हे ती नुसत्या आवाजावरून ओळखते आणि एसी असेल तर टाळी वाजवते. सांगता मात्र येत नाही. शब्द ओठांपर्यंत येतात आणि तिथेच घोडं अडतं. मग ती समोरच्याला हाताला धरून ओढते. ओढूनही कळलं नाही तर किंचाळते, आणि किंचाळूनही कळलं नाही तर स्वतःचंच मनगट चावते. त्या मनगटावरचा वळ पाहिला की चंद्रप्रकाशना घास गिळवत नसे. चूक आपली, की आपल्याला समजत नाही, आणि शिक्षा पोर स्वतःला करून घेते, हे त्यांना सहन होत नव्हतं.

प्रियंका मॅडम तिच्या स्पीच थेरपिस्ट. त्यांचं म्हणणं साधं होतं. चित्रांची कार्डं करा. पाणी हवं असेल तर प्रांजल पाण्याचं कार्ड तुमच्या हातात देईल, तुम्ही पाणी द्यायचं. कार्ड दिलं की आपलं म्हणणं पोचतं, हे एकदा तिला पटलं की पुढचं सोपं. सूनबाई तेजल म्हणाली, “मी शनिवारी बघते, बाबा.” तेजल पवईला एका ऑफिसात नोकरी करते आणि तिचा शनिवार सहसा सोमवारी उगवतो. मुलगा सौरभ कामानिमित्त गुजरातेत, महिन्यातून एकदा घरी. तेव्हा चंद्रप्रकाश म्हणाले, “तू कशाला? मी आहे ना रिकामा.” माणसाने स्वतःला रिकामा म्हणवून घेऊ नये, हे त्यांना नंतर कळलं.

त्यात चेअरमन येऊन गेले. सोसायटीचे चेअरमन शिवदास परब, मूळ मालवणचे. माणूस वाईट नाही, पण चेअरमन झाल्यापासून उभं राहिलं की त्यांना भाषण होतं. लिफ्टमध्ये कोणी अडकलं तर ते आधी बाहेरून त्याला मार्गदर्शन करतात आणि मग लिफ्टवाल्याला फोन लावतात. त्यांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “वानखेडे, राग मानू नका. गेल्या सव्वीस जानेवारीला लाऊडस्पीकर लागला आणि तुमची नात केवढ्यांदा ओरडली. पोरगी गुणाची आहे, माका ठाऊक आसा. पण लोक बघत राहतात ना. यंदा तिला वरच ठेवा. तुमच्या गॅलरीतून झेंडा झकास दिसतो.”

आता सव्वीस जानेवारीला झेंडा चढला की संविधानाची उद्देशिका वाचायचा मान सोसायटीत चंद्रप्रकाशचा. त्यांना ती पाठ आहे, तरी कागद हातात धरतात, कारण ती म्हणून दाखवायची नसते, वाचून दाखवायची असते, असं त्यांचं मत आहे. समानतेचा शब्द आपण खाली खणखणीत आवाजात वाचायचा आणि नातीने तो वरून गॅलरीतून ऐकायचा, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

“ती खाली येईल,” ते म्हणाले. “पहिल्या रांगेत बसेल.”

परब उरलेला चहा पिऊन गेले. शेवंतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. वऱ्हाड सोडून त्यांना उभा जन्म लोटला, पण नवऱ्याने काही घोळ घातला की त्यांची बोली अकोल्याला परत जाते. “बोलून त बसलात,” त्या म्हणाल्या. “आता तिले समजावणार कोण, तुमी?”

अशा रीतीने कार्डांच्या कामाला तारीख मिळाली.

तेजलने जुना लॅपटॉप त्यांच्या हवाली केला. पहिल्याच ठिकाणी सगळं फुकट होतं, फक्त आधी नाव, पत्ता आणि आपण कोण ते सांगायचं होतं. पालक, शिक्षक की थेरपिस्ट? आजोबांची तिथे सोयच नव्हती. नाइलाजाने त्यांनी ‘इतर’वर बोट ठेवलं. स्वतःच्या नातीच्या बाबतीत आपण इतर झालो, हे त्यांना लागलं. मग पासवर्ड मागितला. त्यांनी स्वतःचं नाव दिलं. हे फार कमकुवत आहे, असं लाल अक्षरांत उत्तर आलं. शेवंतीबाई मागून वाचत होत्या, त्या हसल्या.

खरा अपमान पुढे होता. तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा, असं यंत्राने फर्मावलं. समोर नऊ चौकोन आले. ज्या चौकोनात बस आहे ते निवडा. चंद्रप्रकाश खुर्चीत जरा मागे रेलले. जगात त्यांना विचारावा असा एखादा प्रश्न असेल तर तो हाच होता. त्यांनी शांतपणे दोन चौकोन निवडले. पुन्हा प्रयत्न करा, यंत्र म्हणालं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा तेच दोन निवडले. यंत्राने नवे नऊ चौकोन आणले.

तेजल ऑफिसातून आली तेव्हा ते अजून इंटरनेटच्या त्याच दाराशी उभे होते. “बाबा, तो पिवळा पण दाबा,” ती म्हणाली.

“ती बस नाही. ती शाळेची गाडी आहे.”

“त्यांच्याकडे तिला बस म्हणतात.”

“अगं, तिला कंडक्टर नाही. नुसती चाकं असली म्हणून बस होते का?”

तेजलने हात लांब करून पटापट चार चौकोन दाबले आणि दार उघडलं. आत कार्डं होती, पण सगळी इंग्रजीत. बेस्टच्या कंडक्टरला बस ओळखता आली नाही, अशी नोंद परदेशात कुठेतरी झाली असणार, ही टोचणी त्यांना पुढे बरेच दिवस होती. डेपोतल्या जुन्या मित्रांना त्यांनी हे अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी सगळं फुकट होतं, पण आठवडाभर, आणि त्यासाठीही क्रेडिट कार्डाचा नंबर आधी. कार्ड मिळवायला कार्ड मागणारे हे लोक पाहून चंद्रप्रकाशमधला कंडक्टर जागा झाला आणि त्यांनी लॅपटॉपची वायरच उपटली. तिसरं ठिकाण मात्र एका परदेशी शिक्षिकेचं होतं आणि ती बिचारी कार्डं खरोखरच फुकट वाटत होती. ‘मराठी’ असं बटणसुद्धा होतं. चंद्रप्रकाशनी तिला मनोमन आशीर्वाद दिला आणि पेन ड्राइव्ह घेऊन यज्ञेशभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

“काका, आखी फाईल काढू?” यज्ञेशभाईने विचारलं.

“हो, फाईलपण दे,” चंद्रप्रकाश म्हणाले. “जाड पुठ्ठ्याची दे, पोरीच्या हाताळण्यातली आहे.”

एवढं बोलून ते चहाला गेले. परत आले तेव्हा दुकानाबाहेर कॉलेजची मुलं खोळंबून उभी होती आणि यज्ञेशभाईचं मशीन तापून धापा टाकत होतं. फाईल म्हणजे पुठ्ठा नव्हे, फाईल म्हणजे त्या बाईंनी आजवर केलेलं सगळं, हा खुलासा त्यांना तिथे झाला. कार्डं सात भाषांत होती. त्याशिवाय बाईंनी आपल्या दोन कुत्र्यांचे आभार मानले होते, तेही रंगीत. चंद्रप्रकाश गठ्ठा छातीशी धरून घरी आले आणि तो उघडून बसले.

मराठी बटणाने मराठीची पार वाट लावली होती. पोट भरलं हे सांगायला कार्ड होतं, ‘मी भरलेला आहे.’ थोडी विश्रांती हवी असेल तर, ‘मला मोडण्याची गरज आहे.’ संडासाच्या चित्राखाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं, ‘विश्रामगृह’.

“हे अकोल्याले कलेक्टर उतरतात तेच का?” शेवंतीबाईंनी विचारलं.

तरी चंद्रप्रकाशनी चिकाटीने कार्डं प्रांजलपुढे मांडली. तिने ती एकाखाली एक सरळ रेषेत लावली. बर्फाचा माणूस, लोकरीचे हातमोजे, धुराड्याचं घर. सगळी नीट पाहिली आणि त्यातलं एक उचललं. परदेशी रस्त्यावर आग विझवायला असतो तसला तांबडा बुटका नळ त्यावर होता. ते कार्ड घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि गॅसच्या सिलिंडरवर ठेवून आली. चंद्रप्रकाश बराच वेळ सिलिंडरकडे आणि कार्डाकडे आळीपाळीने बघत राहिले. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या जगात तसली तांबडी बुटकी वस्तू एकच होती.

मग त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘नातीसाठी मोफत साधने हवी आहेत. ऑनलाईन कुठे मिळतील, कळवावे.’ ऑनलाईन हा शब्द कोणी वाचला नाही. संध्याकाळपर्यंत दाराशी एक चाकांची खुर्ची येऊन उभी राहिली, तिच्यावर कुणाच्या तरी दिवंगत सासऱ्यांचं कानाचं यंत्र होतं, आणि शिवाय अकरा जणांनी ग्रुपवर नुसते जोडलेले हात पाठवले. प्रांजल जिने दोन-दोन पायऱ्या गाळत चढते, आणि शेजारच्या घरात वेफर्सचं पाकीट फोडलेलं तिला भिंतीपलीकडून ऐकू येतं. पण लोकांच्या मायेला परत कसं पाठवायचं? खुर्ची पॅसेजमध्ये राहिली आणि समोरच्या रत्नप्रभाबाई तिच्यात बसून मटार सोलू लागल्या.

रत्नप्रभाबाईंकडे सल्लेही होते. “भाऊ, वेखंड उगाळून जिभेला लावा,” त्या खुर्चीतूनच म्हणाल्या. “माझ्या नणंदेचा मुलगा नवव्या वर्षापर्यंत बोलत नव्हता. आता वकील आहे. थांबत नाही.”

“तिला बोलायला लावायचं नाहीये ताई. तिचं म्हणणं कळून घ्यायचंय.”

“तेच ते,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि त्यांना एक व्हिडिओ पाठवला.

प्रियंका मॅडमनी गठ्ठा पाहिला, विश्रामगृहापाशी येऊन खूप हसल्या आणि मग म्हणाल्या, “काका, पद्धत त्या बाईंची घ्या, चित्रं तुमची. तिचा ग्लास, तिचं ताट, तिची माणसं. मोबाईलवर फोटो काढा, बस.”

हे आधी सांगायला काय झालं होतं, असं चंद्रप्रकाशच्या तोंडावर आलं होतं. पण बाईमाणसाशी वाद घालायचा नाही हा नियम ते शेवंतीबाईंकडून शिकले होते.

त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये चंद्रप्रकाश मोबाईल घेऊन फिरू लागले. प्रांजलचा स्टीलचा ग्लास झाला, निळी चप्पल झाली, नाक्यावरच्या गाडीवरचा बटाटेवडा झाला. घोळ झाला तो भावनांचा. आनंद, दुःख, भीती, राग यांना चेहरे हवे होते, आणि प्रांजलच्या ओळखीचे हवे होते. आनंदासाठी अख्खी बिल्डिंग तयार झाली. माणसं दाढ्या करून आली. रागाला मात्र कोणी तयार होईना. आनंद तळमजल्यावरच्या किरणला मिळाला, कारण त्याचे दात चांगले होते. ते कळल्यावर रत्नप्रभाबाई मटाराचं ताट आपटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे माझे दात वाईट?” चंद्रप्रकाशनी त्याच क्षणी बटण दाबलं. राग असा हुबेहूब उतरला की पुन्हा काढावा लागला नाही.

कार्डं कापून, प्लॅस्टिकमध्ये घालून झाली. निवृत्तीच्या वेळी डेपोतल्या मित्रांनी त्यांना तिकिटाचा जुना पंच भेट दिला होता. त्याने प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात टिक् करून भोक पाडलं आणि सगळी एका कडीत ओवली. प्रांजल शेजारी बसून प्रत्येक टिकला हसत होती. चंद्रप्रकाशना नोकरीच्या पहिल्या दिवसासारखं वाटत होतं.

सगळ्यात वर त्यांनी बसचं कार्ड लावलं होतं, कारण प्रांजलला रोज संध्याकाळी डेपोच्या फाटकाशी जाऊन बस बघायला आवडतं. फोटो त्यांनी स्वतः, फार जवळून, कलात्मक काढला होता. त्यात बसचा लाल पत्रा तेवढा दिसत होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘बस’.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रांजल जेवत होती. वरणभात आवडीचा होता. जेवता जेवता तिने कडी चाळली आणि बसचं कार्ड काढून आजीच्या हातात दिलं. शेवंतीबाई हरखल्या. लाल पत्र्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही, त्यांनी शब्द वाचला, बस. पोरीने पुरे म्हणून सांगितलं, स्वतः सांगितलं. त्यांनी आनंदाने ताट उचललं. प्रांजल ताटाकडे बघत राहिली आणि तिने तेच कार्ड पुन्हा पुढे केलं. लिंबू मागायला आलेल्या रत्नप्रभाबाईंनी ते वाचलं. “अगं बाई, मलाच म्हणतेय, बस,” असं म्हणून त्या कौतुकाने खुर्ची ओढून बसल्या. प्रांजलला ताटही हवं होतं आणि जेवल्यावर बसही हवी होती. तिने पहिल्यांदाच नीट, शिकवल्याप्रमाणे, दोनदा सांगितलं होतं. ताट गेलं, बस आली नाही, आणि रत्नप्रभाबाई येऊन बसल्या. चंद्रप्रकाश आतून धावत आले तेव्हा मनगट तोंडात होतं.

त्या दुपारी कोणीच नीट जेवलं नाही. चंद्रप्रकाश गॅलरीत जाऊन उभे राहिले. ज्या शब्दावर घर चाललं, पोरं शिकली, त्याच शब्दाने पोरीला दगा दिला होता. आपल्याला हे काम झेपणार नाही, परब म्हणतात तेच बरोबर, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराचीच त्यांना लाज वाटली.

तेजलने रात्रीच्या जेवणाला निकाल दिला. “बाबा, एका शब्दाचा एकच अर्थ ठेवायचा. खाली बसायचं असेल तिथे ‘बैस’ लिहू, अकोल्याला म्हणतात तसं. गाडीच्या कार्डावर ‘डेपो’. आणि ‘बस’ म्हणजे फक्त पुरे.”

“बसला बस म्हणायचं नाही?” चंद्रप्रकाश म्हणाले. “माझ्या घरात?”

“तिच्यासाठी,” तेजल म्हणाली.

चंद्रप्रकाशनी पंच उचलला आणि ‘डेपो’च्या कार्डाला भोक पाडलं.

आता पुरे म्हणणारा चेहरा हवा होता. तो त्यांना गेटवर सापडला. पार्सलवाली पोरं मोटरसायकली आत आणू नयेत म्हणून चेअरमन परब रोज संध्याकाळी गेटवर पंजा उगारून उभे राहतात. चंद्रप्रकाशनी फोटो मागितला तेव्हा परबांनी शर्ट खोचला, पोट आत घेतलं आणि पंजा पुन्हा उगारला. “खाली काय लिवतलास?” त्यांनी आपुलकीने विचारलं.

“ठरायचंय,” चंद्रप्रकाश म्हणाले. ते खरं नव्हतं.

पुढच्या सकाळी शेवंतीबाई मिक्सरवर चटणी वाटत होत्या. मिक्सरचा आवाज प्रांजलला सोसत नाही. एरवी ती कान दाबून पळत सुटते. त्या दिवशी ती पळाली नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली, कडी चाळली, परबांचं कार्ड काढलं आणि ते मिक्सरसमोर धरलं. शेवंतीबाईंनी मिक्सर बंद केला. घर एकदम शांत झालं. प्रांजलने कार्डाकडे पाहिलं, मिक्सरकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि पुन्हा कार्डाकडे. मनगट तिच्या दुसऱ्या हातात होतं, तोंडात नव्हतं. शेवंतीबाई अर्धवट वाटलेल्या चटणीसमोर उभ्या राहून रडल्या. चंद्रप्रकाशही रडले, पण त्यांनी ते मिरचीवर ढकललं. त्या दिवशी सगळ्यांनी जाडीभरडी चटणी खाल्ली आणि तिच्यासारखी चटणी पुन्हा झाली नाही.

मग परबांच्या पंजाला दिवसभर काम लागलं. तो टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला दाखवला गेला, घोरणाऱ्या आजोबांना दाखवला गेला, एकदा कुकरलाही दाखवला गेला. कुकरने मात्र चेअरमनांना जुमानलं नाही. संध्याकाळी डेपोचं कार्ड न चुकता हातात पडे आणि आजोबा-नात फाटकाशी जाऊन उभे राहत. मॅडम खूश होत्या, पण एवढंच म्हणाल्या, “घरातल्यांना देतेय. बाहेरच्या माणसाला स्वतः जाऊन देईल, त्या दिवशी खरं.” चंद्रप्रकाशनी कॅलेंडरकडे पाहिलं. सव्वीस जानेवारी लाल चौकोनात समोरच होती.

त्या दिवशी पहिल्या रांगेत प्रांजल बसली. पांढरा फ्रॉक, कानांवर आवाज अडवणारे जाड हेडफोन, गळ्यात कार्डांची कडी. एका बाजूला तेजल, दुसऱ्या बाजूला शेवंतीबाई. परबांनी तिच्याकडे पाहिलं, मग चंद्रप्रकाशकडे पाहिलं आणि स्पीकरवाल्याला आवाज कमी ठेवायची खूण केली. माणूस वाईट नाही, हे वर सांगितलंच आहे. झेंडा चढला. चंद्रप्रकाशनी कागद हातात धरून उद्देशिका वाचली. अभिव्यक्ती या शब्दापाशी त्यांचा आवाज जरा हलला. प्रांजल हलली नाही. ते जागेवर येऊन बसले आणि त्यांना वाटलं, झालं, जिंकलो.

पण परबांचं भाषण उरलं होतं. दर वर्षी ते थोडं वाढतं, आणि ते वाढतं तसे टेबलावरच्या ॲल्युमिनियमच्या मोठ्या ट्रेमधले बटाटेवडे निवतात. हे सोसायटीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि आजवर कोणी बोललेलं नाही. किरणने एकदा घड्याळ पाहिलं तर परबांनी त्याच्या नावाने वक्तशीरपणावर एक परिच्छेद वाढवला होता. यंदाचा विषय होता, बोलण्याचं स्वातंत्र्य. “या देशात लहानात लहान माणसाला,” परब माईकवर म्हणत होते, “आपलं म्हणणं मांडण्याचा अधिकार आहे.” हे त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. वड्यांचा वास पहिल्या रांगेपर्यंत येऊन परत जात होता.

प्रांजल उठली.

चंद्रप्रकाशही अर्धे उठले. तिच्या पुढे स्पीकर होता, वायरी होत्या, साऱ्या बिल्डिंगचे डोळे होते. आता किंचाळेल, आता मनगट तोंडात जाईल. तेजलने त्यांची बाही धरली. “थांबा बाबा,” ती म्हणाली. “जाऊ द्या तिला.”

ती वायर ओलांडून थेट माईकपाशी गेली. थांबून कडी चाळली. एक कार्ड निवडलं, आणि मान वर करून, परबांच्या पोटाच्या उंचीवर, ते पुढे धरलं.

परब वाक्याच्या मध्यावर होते. त्यांनी खाली पाहिलं. कार्डावरून ते स्वतःच शर्ट खोचून, पंजा उगारून स्वतःकडे बघत होते. चष्मा खाली घेऊन त्यांनी खालचा शब्द वाचला, आणि माईक तोंडाशीच असल्यामुळे तो अख्ख्या पंतनगरला ऐकू गेला.

“बस.”

मराठीत या शब्दाचे अर्थ तीन. त्यातली गाडी तर त्या वेळी आवारात येण्यासारखी नव्हती. उरले दोन, आणि परबांनी ते दोन्ही एकदम पाळले. भाषण थांबवलं आणि मागच्या खुर्चीत बसले.

प्रांजलने पुन्हा कडी चाळली आणि दुसरं कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं. बटाटेवडा. परबांनी ते वाचलं. मग उठून टेबलापाशी गेले, ट्रेवरचं झाकण काढलं, पहिला वडा कागदावर घेऊन तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “खा गो बाय. बराबर सांगितलंस.” मागे सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात उचलले, तशा रत्नप्रभाबाई रागाच्या कार्डावरच्याच चेहऱ्याने वळल्या आणि कुजबुजल्या, “आवाज नको, तिला त्रास होतो.” तेव्हा सगळी बिल्डिंग नुसतेच हात वर करून उभी राहिली. प्रांजल वडा खात होती. तिने कोणाकडेच पाहिलं नाही. चंद्रप्रकाशनी मात्र सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाकडे, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. आपली नात साऱ्या बिल्डिंगच्या मनातलं बोलली होती, आणि ते बोलायची हिंमत तिथल्या एकाही बोलणाऱ्याला आजवर झाली नव्हती. मग सगळ्यांना वडे वाटले गेले, तरी त्यांचा वडा हातात तसाच राहिला.

पुढच्या शनिवारी, जो खरंच शनिवारीच उगवला, तेजलने ती सगळी कार्डं इंटरनेटवर टाकली. अटी चंद्रप्रकाशनी घातल्या. नाव विचारायचं नाही, पासवर्ड नाही, आणि बस ओळखून दाखवायला तर मुळीच सांगायचं नाही. ‘आपण कोण’ हे विचारायचंच झालं तर आजोबा हा पर्याय सगळ्यात वर. आयुष्यभर फुकट्यांना खाली उतरवलेल्या माणसाने वर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘फुकट’. परबांची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी फोटो आणखी मोठा टाका असं सुचवलं.

थोड्या दिवसांनी लातूरहून एका बाईंचा निरोप आला. त्यांच्या मुलाने काल ‘बस’चं कार्ड घरातल्या पिठाच्या गिरणीला दाखवलं होतं, पहिल्यांदाच. आभार मानून त्यांनी विचारलं होतं, हात वर केलेले हे गृहस्थ कोण?

चंद्रप्रकाशनी चष्मा लावला आणि एका बोटाने, सावकाश, उत्तर लिहिलं. ‘आमचे चेअरमन. ते सगळ्यांना थांबवतात. त्यांना थांबवते ती माझी नात.’